दादा रोज पहाटे स्वप्नात येतो, फोन करू का?

या वेळचं पत्र इंदूरहून आलंय. थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

"ताई नमस्कार. मी राजेंद्रनगरला राहते, वय ४७, शाळेत शिकवते. माहेर जुन्या इंदुरातलं, मोठा वाडा होता आमचा. आई गेल्यावर वर्षभरात तो विकला, मग बिल्डरने पाडला. मी हक्कसोडपत्रावर सही केली, हसत केली, पैशाचा प्रश्नच नव्हता. रजिस्ट्री झाल्यावर सगळे आमच्याकडेच जमले, पोहे मीच केले सगळ्यांना. नंतर दादाने नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला बोलावलं नाही, मग मीपण राखी पाठवली नाही, तेव्हापासून बोलणं बंद. मला त्याचं आता काही वाटत नाही. पण दिवाळीपासून एकच स्वप्न पडतंय. वाडा उभाच आहे, ओटल्यावर खूप पाहुणे बसलेत, मी पोहे वाढतेय आणि माडीवरच्या अडगळीच्या खोलीतून दादा दार वाजवतोय, आठ-नऊ वर्षांचा आहे तो. किल्ली माझ्याच पदराला बांधलेली आहे आणि मी म्हणते, थांब रे, शेव संपलीय ती आणते आधी. मग रडतच जाग येते, पहाटेचे साडेचार-पाच झालेले असतात. सासूबाई म्हणतात कुलदेवतेचं काही राहिलंय, एका गुरुजींनी विधी सांगितलाय, खर्च बराच आहे. मिस्टर म्हणतात रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन तळलेले गराडू कंद खाणं बंद कर. शाळेतल्या मैत्रिणीने एक थेरपिस्ट सुचवल्या, त्या डेप्थ थेरपी करतात, स्वप्नांवर काम करतात म्हणे, दर आठवड्याला जावं लागेल, आणि त्या हिंदीभाषी आहेत. हे खरंच काही असतं की नुसते पैसे काढायचे धंदे? दादाला काही होणार आहे का? त्याला फोन करू का? बीपीची गोळी सोडली तर मला काही आजार नाही. साडीसुद्धा मी लग्नाकार्यातच नेसते इतकी साधी राहणी माझी, असल्या कुठल्या नादी लागणारी बाई नाही मी. – एक बहीण"

ताई, बाकी सगळं राहू द्या बाजूला, आधी ती बीपीची गोळी. तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय आणि कधी सुरू झाली ते लिहिलंच नाही, पण स्वप्नं दिवाळीपासून आणि गोळीपण त्याच सुमाराला लागली असेल तर डॉक्टरांना एकदा नक्की विचारा. बीटा ब्लॉकर म्हणून गोळ्यांची एक जात आहे, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल वगैरे, त्यांनी काही जणांना स्वप्नं फार ठळक पडायला लागतात, आणि हे डॉक्टरांना माहीत असतं हो, पण आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं, बीपी मोजायला गेलेली बाई स्वप्नांचं कशाला बोलेल. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करायची नाही, या गोळ्या एकदम सोडल्या तर हृदयाचं भलतंच काहीतरी होऊन बसतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचीपण गंमत आहे, त्यातल्या बऱ्याच गोळ्या स्वप्नांची झोप दाबून ठेवतात आणि अचानक सोडल्या की ती उसळून येते, तर तशी काही घेतली-सोडली असेल तेही सांगा.

आता मिस्टर म्हणतील, बघ, गोळीच निघाली, विषय संपला. नाही संपत. गोळीमुळे स्वप्न ठळक होईल, रोज पडेल, पण त्या गोळीला तुमचा वाडा कुठे ठाऊक आहे, माडीवरची खोली कुठे ठाऊक आहे? मजकूर तुमचाच. गराडूचंही तसंच, म्हणजे अर्धं बरोबर आहे त्यांचं. रात्री अकराला तळलेलं खाल्लं की झोप मोडते, आणि स्वप्नातून मोडली की ते लक्षात राहतं. तुम्ही सराफ्यात जाणं कमी करा की, बीपीलाही बरं. पण दादा गराडूतून येत नाहीये.

दादाला काही होणार आहे का, या प्रश्नाने तुमची झोप जास्त उडालीय असं मला पत्रावरून वाटलं, म्हणून तो आधी घेते. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण सगळ्यांनीच आजीकडून ऐकलेलं. त्यामागे एक साधी गोष्ट आहे. १९५३ मध्ये शिकागोला अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी दाखवलं की झोपेत मधूनमधून बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि त्या वेळी उठवलं तर लोक बहुतेक स्वप्न सांगतात, त्याला आर-ई-एम झोप म्हणतात. साधारण दर नव्वद मिनिटांनी तिची फेरी येते आणि रात्र सरत जाते तशी ती लांबत जाते, म्हणजे सगळ्यात लांब, सगळ्यात रंगलेली स्वप्नं पहाटेच पडणार, आणि जाग यायची वेळ तीच, मग ती आठवणार आणि मनात घर करणार. तुमचं साडेचार-पाच अगदी त्यातच बसतं. यात भविष्य वगैरे काही नाही.

आणि जुनंच प्रमाण हवं असेल, सासूबाईंना सांगायला, तर चरकसंहिता आहे. इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत – दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज – आणि पहिले पाच सरळ निष्फळ म्हणून सांगितलेत, म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, हवं असलेलं आणि कल्पनेतलं जे स्वप्नात येतं त्याचं काही फळबिळ नसतं. भाविक म्हणजे पुढचं सांगणारं असाही एक प्रकार त्यांनी ठेवलाय, ते मी लपवत नाही. पण तुमच्या स्वप्नात वाडा, दादा, पोहे, किल्ली, यातलं न पाहिलेलं, न भोगलेलं काय आहे सांगा बरं? कुलदेवतेला जायचंय तर खुशाल जाऊन या, सासूबाईंना बरं वाटेल आणि तुम्हालाही चार दिवस मोकळी हवा. फक्त भावावर संकट आहे असं घाबरवून कोणी खर्चाची यादी हातात देत असेल तर तिथे पाकीट काढायचं नाही. हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी देऊन टाकलं, त्याचं पुढे काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

आता तुमच्या मैत्रिणीची डेप्थ थेरपी. हे थोतांड नाही आणि जादूही नाही. यात मानलंय असं की आपल्याला जे वाटतं त्यातलं बरंच आपल्यालाच ठाऊक नसतं, आणि ते आपण ज्या ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा करतो, टाळतो, विसरतो, स्वप्नात बघतो त्यातून डोकावतं, मग थेरपिस्टसमोर बसून आठवड्यामागून आठवडे त्याच्याकडे बघायचं. तिथे काही होमवर्कची पानं मिळत नाहीत, की 'या पाच गोष्टी करा'ही नसतं, सुरुवातीला तर वाटतं आपण नुसत्या गप्पा मारायचे पैसे देतोय.

हे सगळं सुरू झालं ते व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांच्या स्वप्नांवरच्या पुस्तकापासून. छापून आलं १८९९ च्या नोव्हेंबरात पण मुखपृष्ठावर १९०० टाकलं होतं, आणि पहिल्या ६०० प्रती संपायला आठ वर्षं लागली, तर तुमच्या मिस्टरांची शंका काही नवीन नाही. फ्रॉइडचं म्हणणं, स्वप्न सोंग घेऊन येतं, खरी इच्छा आत दडलेली असते, तर स्वप्नातल्या एकेका तुकड्यावरून जे मनात येईल ते न गाळता बोलत जायचं. त्याचा सहकारी युंग १९१३ च्या सुमाराला त्याच्यापासून वेगळा झाला आणि त्याचं म्हणणं पडलं की स्वप्न काही लपवत नाही, त्याला जसं दिसतं तसं दाखवतं, आपल्यालाच ती भाषा येत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. युंग त्याला एक जोड देईल – जागेपणी मनात जे वसू दिलं नाही ते स्वप्नी दिसे. जागेपणी आपण एका बाजूला फार झुकलो की स्वप्न दुसऱ्या बाजूचं काहीतरी पुढे करतं. तुमच्या बाबतीत हेच मला जास्त लागू पडतंय, पुढे सांगते.

हा युंग आपल्याकडे येऊनही गेलाय बरं का. १९३७ च्या शेवटी, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने. आपल्या सांचीला गेला होता आणि तिथल्या स्तूपाने फार हलला होता आतून. पुढे कलकत्त्यात पोट बिघडून हॉस्पिटलात पडला, आणि नंतर एक स्वप्न पडलं, त्यात तो युरोपातल्या एका बेटावर आहे आणि ख्रिस्ती दंतकथेतला तो पवित्र प्याला आणायला त्याला एकट्याला पोहून जायचंय. सगळा भारत बघत फिरत असताना स्वप्नात भारताचा पत्ता नाही! त्याने त्यातून घेतलं ते इतकंच की आपलं मूळ काम तिकडे, घरी पडलेलं आहे. उठून बेट शोधायला गेला नाही तो. त्याच कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच सायकोअ‍ॅनालिसिसची, म्हणजे फ्रॉइडच्या या मनोविश्लेषणाची, संस्था काढलेली होती, फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता त्यांचा. तेव्हा हे काल-परवा इन्स्टाग्रामवर आलेलं फॅड आहे असंही समजू नका.

आता तुमचं स्वप्न. ते मी उलगडून देणार नाही, कारण ते कोणीच बाहेरून उलगडून द्यायचं नसतं. साप म्हणजे शत्रू, पाणी म्हणजे पैसा असलं पंचांगासारखं उघडून बघायचं प्रकरण नाही हे. पण मॉन्टेग्यू उलमन म्हणून एक अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिस्ट होते, ते लोकांचे गट बसवून स्वप्नांवर काम करायचे आणि त्यांचा एक नियम होता: दुसऱ्याच्या स्वप्नाबद्दल बोलायचं तर 'हे स्वप्न माझं असतं तर' अशीच सुरुवात करायची, आणि पटलं नाही तर ते फेकून द्यायचा हक्क स्वप्नवाल्याचा. त्या नियमाने बोलते.

हे स्वप्न माझं असतं तर मी आधी पदरापाशी थांबले असते. तुम्ही लिहिलंय किल्ली माझ्या पदराला, आणि शेवटी स्वतःच लिहिलंय की साडी फक्त लग्नाकार्यात. मग स्वप्नात रोज हा पदर कुणाचा येतोय? वाड्यात पदराला किल्ल्या बांधून कोण वावरायचं? तुमच्या आई बांधायच्या का, तुम्ही नाही लिहिलंत, मी अंदाज करतेय. पण तसं असेल तर स्वप्नात तुम्ही आईच्या जागी उभ्या आहात, पाहुण्यांचं बघणं, शेव संपली का बघणं, मुलं भांडली तर कुणाला कोंडायचं आणि कधी सोडायचं तेही. दादाने आईच्या माघारी मोठ्याचं काम केलं म्हणजे वाडा विकला, आणि तुम्ही आईचं काम केलंत, सगळ्यांना हसत खाऊ घातलंत. बहिणीचं काम कुणी केलं? बहिणीने एखाद वेळी तरी म्हणायला हवं होतं की दादा, मला विचारलं का नाहीस रे.

मग पोहे. रजिस्ट्रीच्या दिवशी पोहे तुम्हीच केलेत आणि स्वप्नातही पोहेच वाढताय. हे तुमच्या लक्षात आलंय का? पत्रात दोन्ही गोष्टी आहेत, मधे चार ओळींचं अंतर आहे, आणि तुम्ही त्या जोडलेल्या नाहीत. मी तुमच्या जागी असते तर त्या दिवसाबद्दलच आधी बोलले असते, कढई कुठली होती, कोण कुठे बसलं होतं, दादा तुमच्याशी काय बोलला, पोह्यांवरचा जीरावन मसाला मागून घेतला की स्वतः उठून घेतला, सही करताना पेन कुणाचं होतं. असलं बारीकसारीक बोलताना कुठेतरी घसा दाटतो आणि तिथेच ते असतं. पैशाचा प्रश्नच नव्हता, हे मान्य. मग प्रश्न कसला होता?

आणि तिसरं, जे मी तुम्हाला विचारलंच असतं समोर असतात तर: दादाला कोंडलं कुणी? पत्रात ते नाही. किल्ली तुमच्याकडे आहे इतकंच आहे. तुम्ही घाबरताय की दादा संकटात आहे, पण हे स्वप्न माझं असतं तर मला कुठेतरी हेही दिसलं असतं की मी त्याला कोंडून ठेवलंय आणि मला दार उघडायची मुळीच घाई नाही, मी शेव आणायला चाललेय. म्हणजे राग आहे. चांगला भरपूर राग आहे, आणि जागेपणी मात्र 'मला आता काही वाटत नाही'. ज्या बाईला काही वाटत नाही ती पहाटे रडत उठत नाही हो.

युंगच्या पद्धतीत अजून एक वाट असते. स्वप्नातलं माणूस म्हणजे बाहेरचा खरा माणूस असाही अर्थ घेऊन बघायचा आणि ते माणूस म्हणजे आपलाच एक भाग असाही. पहिल्या वाटेने तो तुमचा दादा. दुसऱ्या वाटेने तो आठ-नऊ वर्षांचा मुलगा तुम्हीच, जो दार वाजवतोय, आरडाओरडा करतोय, कुणाला काय वाटेल याची पर्वा करत नाही, आणि ज्याला तुम्ही पाहुण्यांसाठी वर कोंडून ठेवलाय. कुठली वाट खरी ते मी नाही सांगू शकत, कदाचित दोन्ही. अंगावर काटा येतो किंवा एकदम रडू येतं किंवा हसूच फुटतं, तिथे तुमचं तुम्हाला कळतं. आणि माझं वरचं सगळं वाचून 'छे, असलं काही नाही' वाटलं तर खुशाल सोडून द्या, उलमनचा नियमच आहे.

रडण्याची मात्र काळजी करू नका. शिकागोच्याच रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या, उदास झालेल्या लोकांची स्वप्नं वर्षानुवर्षं तपासली, आणि ज्यांच्या स्वप्नात तो सोडून गेलेला जोडीदार भावनेसकट यायचा ती माणसं पुढे जास्त सावरलेली दिसली. लोक थोडे होते त्या अभ्यासात, त्यामुळे त्यावर फार इमले नको चढवायला, पण स्वप्नात रडू येणं म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही एवढं नक्की म्हणता येतं.

पैसे काढायचे धंदे का, हा प्रश्न योग्यच विचारलात. सायकोडायनॅमिक म्हणजे याच घराण्यातल्या थेरपीचा उपयोग होतो याचे बऱ्यापैकी पुरावे आहेत, २०१० मध्ये जोनाथन शेडलर यांनी 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात ते एकत्र मांडले होते आणि थेरपी संपल्यावरही फायदा टिकतो, कधी वाढतो असं त्यात दिसत होतं. नुसत्या स्वप्नांच्या कामाचे पुरावे त्या मानाने कमी. भयंकर दुःस्वप्नांसाठी वेगळी पद्धत आहे, स्वप्न कागदावर लिहायचं, त्याचा शेवट किंवा मधलं काहीही आपल्याला हवं तसं बदलायचं आणि ते नवं स्वप्न रोज दिवसा थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचं, बॅरी क्रॅकाव यांनी अत्याचार सोसलेल्या बायकांवर ती करून बघितली आणि दुःस्वप्नं कमी झाली, २००१ मध्ये ते छापून आलं. तुमचं तसलं दुःस्वप्न नाही, म्हणून माझ्या मते ते बदलायची घाई नको, आधी ऐकून तरी घ्या. अगदीच झोप लागेनाशी झाली तर ते करता येतंच.

त्या थेरपिस्टना पहिल्या भेटीत विचारायला लाजू नका. शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आर-सी-आयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी आहे का, ती कायद्याने लागते आणि तिचा नंबर असतो. स्वतःला युंगियन अ‍ॅनालिस्ट म्हणवत असतील तर कुठे शिकलात, कारण त्याला वर्षानुवर्षांचं ट्रेनिंग असतं आणि त्यात स्वतःची थेरपी करून घ्यावी लागते. त्यांच्या कामावर त्यांच्या वरचं कुणी नजर ठेवतं का, सुपरव्हिजन म्हणतात त्याला. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी चिडत नाही. आणि पहिल्याच तासाला तुमच्या स्वप्नाचा अर्थ सांगून मोकळ्या झाल्या, किंवा दहा सेशनच्या पॅकेजमध्ये गॅरंटी म्हणाल्या, किंवा मागच्या जन्माकडे वळल्या, तर चहा पिऊन परत या.

यातली एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगते कारण तुमच्या स्वप्नात बंद खोली आहे. असं स्वप्न ऐकून कुणी म्हणालं की 'लहानपणी त्या खोलीत तुमच्यासोबत काहीतरी झालं असणार, तुम्ही ते दाबून टाकलंय', तर सरळ उठा. इटलीच्या जुलियाना मॅझोनी आणि अमेरिकेच्या एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९० च्या दशकात प्रयोग करून दाखवलंय की एखाद्या जाणकाराने ठासून स्वप्नाचा तसा अर्थ सांगितला की बऱ्याच लोकांना न घडलेली गोष्ट लहानपणी घडली असं खात्रीने वाटायला लागतं. स्वप्नावरून आत्ता काय वाटतंय ते बोलता येतं, ४० वर्षांपूर्वी काय घडलं याचा पुरावा त्यातून निघत नाही. तसंच हक्कसोडपत्राचं, ते केलं ते बरोबर की चूक, फिरवता येतं का, हे वकिलाला विचारायचं, स्वप्नाला नाही.

त्या हिंदीभाषी आहेत याची अडचण वाटत असेल तर त्यांना सांगा की आधी मी मराठीत सांगणार, तुम्हाला कळो न कळो, आणि मग हिंदीत. दादाशी तुम्ही लहानपणी ज्या बोलीत भांडलात त्यातच ते आधी बाहेर पडू दे. अर्धं हिंदी तर आपल्या इंदुरी मराठीत असतंच, त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त कळेल. आठवड्याची फी झेपणारी नसेल तर पंधरा दिवसांनी चालेल का विचारा, किंवा बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात आणि एम-वाय या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे डेप्थ थेरपी नाही मिळणार पण तपासून तरी देतील. आणि कधी रात्री फारच जड झालं, जगणं नको वाटायला लागलं, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास, तेव्हा पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही.

थेरपी सुरू होईपर्यंत घरी काय करायचं तर उशाशी वही ठेवा, शाळेतलीच एखादी कोरी. जाग आली की मोबाइलला हात लावायच्या आधी लिहायचं, आणि 'वाढत होते' असं नाही, 'वाढतेय' असं, जणू चालूच आहे. आधी कसं वाटतंय ते एका ओळीत, मग जे दिसलं ते, अर्थ लावायचा नाही, सुवाच्य अक्षराचीही गरज नाही, इथे कुणी तपासणार नाहीये. रोज जमलं नाही तर नाही. आणि एका रविवारी दुपारी मोठा कागद घेऊन वाड्याचा नकाशा काढा. ओटला, चौक, देवघर, न्हाणी, माडीचा जिना, कुठली पायरी वाजायची, अडगळीच्या खोलीला खिडकी होती का आणि ती कुठे उघडायची, कोण कुठे झोपायचं. तो वाडा आता नाही आणि तो पडताना तुम्ही बघायला गेला होतात का तेही तुम्ही लिहिलेलं नाही. नकाशा काढताना कुठे हात अडतोय, कुठे एखादी विसरलेली गोष्ट आठवतेय ते वहीत टिपून ठेवा आणि थेरपिस्टकडे जाताना कागद सोबत न्या, तोंडाने सांगण्यापेक्षा सोपं जातं.

पाहिजे तर जागेपणी डोळे मिटून पुन्हा त्या दारासमोर उभं राहता येतं, आतला काय म्हणतो ते ऐकायचं, आपण काय म्हणतो ते बघायचं. युंगने हे स्वतःवरच वर्षानुवर्षं केलं. पण ते पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच करा, एकटीने दुपारच्या रिकाम्या घरात नको, कधीकधी अंगावर येतं ते.

राहिला फोन. पहाटे पाचला रडत उठून करू नका, एवढंच आत्ता सांगते. स्वप्नातला दादा आठ-नऊ वर्षांचा आहे आणि फोन उचलणार आहे तो पन्नाशीचा, बीपी-शुगरवाला, कदाचित तुमच्यावर राखीपायी तितकाच रुसलेला गृहस्थ, आणि तुम्ही स्वप्नातल्या पोराशी बोलायला जाल आणि उत्तर मिळेल त्या गृहस्थाचं, मग पुन्हा दोन वर्षं गप्प. आधी तुम्हाला त्याला काय म्हणायचंय ते कळू दे. माफ कर म्हणायचंय, की चांगलं झापायचंय, की नुसतं वाड्याचं बोलायचंय, कारण त्या वाड्याबद्दल बोलायला आता जगात तोच एक उरलाय. दोन-तीन महिने थेरपीत गेल्यावर वाटलं तर करा. राखीपर्यंत वेळ आहे. राखीचं निमित्त नको वाटलं तर मधल्या एखाद्या वारी करा, वहिनी उचलतील तर त्यांच्याशी नीट बोला, त्या बिचाऱ्या यात कुठेच नाहीत. आणि कधीच नाही केला तरी थेरपी फुकट गेली असं होत नाही.

मिस्टरांना काय सांगू असं तुम्ही विचारलं नाहीत पण ते येणारच. त्यांना स्वप्नांचं, युंगचं, चरकाचं काही सांगत बसू नका. गुरुवारी सहा ते सात मी घरी नसेन, चहा तुमचा तुम्ही करून घ्या आणि आईंनाही द्या, इतकं पुरे.